समोरचा पाट

आत्याच्या नंबरवरून सकाळी फोन आला आणि पलीकडून कुणी बोलेना. हे काही नवीन नव्हतं. गंगाआत्या फोन बांगड्यांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची. पेटीचं झाकण पडलं की फोन आपोआप मला लागायचा आणि मी बराच वेळ बांगड्यांची किणकिण ऐकत बसायचो. म्हणून त्या दिवशीही भालकीतल्या माझ्या टाइल्सच्या दुकानाचं शटर वर करता करता मी सुरू झालो. म्हटलं, आत्या, पेटी उघड, मला आत कोंडलंयस; आणि उघडलीसच तर सांग, जेवायला पेंडपाला केलास की नाही, रविवारी येतोय. असं बरंच बोललो. मला बोलायला समोर कुणी लागत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी पलीकडून आवाज आला, "दादा… आई गेली." आवाज शिवूचा होता. माझ्या आतेभावानं, शिवूनं, कित्येक वर्षांत कुणालाच फोन केलेला नव्हता. त्यामुळं आत्या गेली हे कळायच्या आधी मला शिवू बोलला एवढंच कळलं, आणि मी खुळ्यासारखं विचारलं, "शिवू, कसा आहेस?"

तो म्हणाला, "चहा मांडलती तिनं. उकळी येस्तोवर बसते म्हणाली." मी अर्धं वर गेलेलं शटर परत खाली ओढलं.

आमचं गाव कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात, मंठाळच्या बाजूला. आम्ही बसवण्णांना मानणारे लिंगायत, आणि घराण्याचा धंदा बांगड्यांचा. कन्नडमध्ये बांगडीला बळे म्हणतात, म्हणून गावात आम्ही बळेगार. माझ्या वडिलांनी धंदा सोडला, मी तर टाइल्स विकतो, म्हणजे फुटणाऱ्या मालाशी नातं तेवढं टिकवलंय. आत्यानं मात्र सोडला नाही. नवरा लवकर गेला, तेव्हा ती पेटी घेऊन दारोदार फिरायला लागली. आमच्या आळीत मराठी आणि कन्नड, पलीकडच्या मुसलमान आळीत दखनी उर्दू, तिन्ही भाषा तिच्या तोंडात एकाच दमात यायच्या. स्वतःच्या हातात मात्र एक बांगडी नसे. आमच्यात विधवेला तशी बंदी नाही. विचारलं तर म्हणायची, "दुकानदारानं आपला माल वापरू न्हाई."

तिच्या ओसरीवर दाराशेजारी दोन पाट असायचे, समोरासमोर. एक तिचा, एक गिऱ्हाइकाचा. बांगड्या भरताना ती बाईचा हात हातात घ्यायची, अंगठा आत दाबायची आणि म्हणायची, "हात सैल सोड. तिकडं बघ." हाताकडं बघत बसलं की हात ताठतो आणि बांगडी फुटते. म्हणून ती काहीतरी विचारायची. काल काय शिजवलं, सासू कुठं गेली, जावेचं बाळ रांगायलंय का. बाई रस्त्याकडं बघत सांगायला लागायची आणि तेवढ्यात काचेची बांगडी हाडावरून सरकून मनगटात जायची. लहानपणी मी तिथं भिंतीला टेकून बसायचो. माझ्याकडच्या गोष्टींपैकी निम्म्या तिथं फुकट ऐकलेल्या आहेत, उरलेल्या निम्म्या मी त्यात घातलेल्या आहेत.

मग गावात ती गडबड झाली. तिला आजही सगळे गडबडच म्हणतात. आदल्या दिवशी आमच्या आळीतली दोन दुकानं जळाली, दुसऱ्या दिवशी पलीकडच्या आळीत माणसं घुसली. पोलीस आले, गेले. दोन्हीकडच्या थोरांनी एकत्र बसून ठरवलं की झालं ते झालं, त्याचं नाव काढायचं नाही. आणि गाव शब्दाला जागलं, कुणी नाव काढलं नाही. दुकानं उघडली, ऊस कारखान्याला गेला, लग्नं लागली. फक्त आत्याच्या बांगड्या फुटायला लागल्या. आधी तिला वाटलं माल खराब आला. मग म्हणाली, "माल चांगला हाय चंद्या. बायांचे हात घाबरल्यात. सैल सोड म्हणलं की जास्तीच आवळायल्यात." हिंदू बायांचे, मुसलमान बायांचे, दोन्ही.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातल्या एका मंगळवारी मनाचे डॉक्टर येतात, हे तिला गावात आरोग्य खात्याचं काम करणाऱ्या आशाताईकडून कळलं. आख्ख्या तालुक्याला तो एक दिवस आणि तो एक माणूस. पण वेड्यांच्या डॉक्टरकडं बायकोला कोण पाठवणार. आत्यानं त्यावर तिच्या पद्धतीचा उपाय काढला. ती घरोघर जाऊन सांगायची, तालुक्याला नवा माल आलाय, सुनेला पाठवा, पसंत करून आणू. बांगड्यांच्या कामात पुरुष नाक खुपसत नाहीत, आणि सासवांना स्वतःलाही बांगड्या हव्या असतात. दवाखान्यातून निघाल्यावर ती प्रत्येकीला बाजारात बसवून नव्या बांगड्या भरायची आणि मगच घरी आणायची, म्हणजे मनगटात पुरावा.

या सगळ्यात माझं काम गाडी चालवण्याचं. मंगळवारी माझं दुकान बंद असतं. बायको म्हणते इतर वारीही बंद ठेवलंत तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. माझी जुनी गाडी, तिचं मागचं डावं दार फक्त बाहेरून उघडतं. आत्याचा फोन यायचा, "गाडीला कामून गंज चढवायलास? ये मंगळवारी." मी जायचो. दोन्ही आळ्यांतल्या बाया दाटीवाटीनं मागं बसायच्या, तालुक्याला पोचलो की मी उतरून दार उघडायचो. ड्रायव्हर म्हणून माझी तेवढीच अदब.

डॉक्टर तरुण, समुद्राकडचे. त्यांचं कन्नड रेडिओवरच्या बातम्यांसारखं स्वच्छ, आणि मराठी, दखनी अजिबात नाही. म्हणून पहिल्याच मंगळवारी टेबलाशेजारी एक स्टूल आलं आणि आत्या दुभाषी झाली. खोलीला दार नव्हतं, पडदा होता. पडद्याबाहेरच्या बाकावर मी आणि स्वतःही गुपचूप दाखवायला आलेली दोन्हीकडची माणसं मांडीला मांडी लावून बसायचो, आणि आतलं सगळं ऐकू यायचं. दोन-तीन फेऱ्यांत माझ्या लक्षात आलं की आत बाई लांबलचक बोलते आणि आत्या डॉक्टरांना थोडकंच सांगते. झोप नाही, भूक नाही, छातीत धडधडतं. कोण आलं, कुणी ओढलं, कुणाच्या हातात काय होतं, यातलं काही नाही. येताना मी विचारलं, "आत्या, एवढी मोठी गोष्ट तू एवढुशी करतीस?" या बाबतीत मला खरोखरच दुःख झालं होतं, मी उलटं करतो. ती म्हणाली, "खडे निवडून देते. डॉक्टराला खडे कशाला? बाकावर कोण बसलंय बघितलास का? एक नाव बाहेर पडलं तर हितंच दुसरी गडबड व्हईल."

तर अशी नावं गाळलेली दुखणी डॉक्टरांपुढं जात होती, आणि डॉक्टर त्यावर गोळ्या लिहीत होते. काहींना बरं वाटलं, काहींना नाही. ते अधूनमधून विचारायचे, "अम्मा, आणखी काही म्हणाली का?" आत्या म्हणायची, "नाही, एवढंच."

आणि शिवू… शिवू तेव्हा कॉलेजात होता. गडबडीच्या दिवशी बाहेर गेला, संध्याकाळी आला, अंघोळ केली आणि आतल्या भिंतीला बसला. पुढं हळूहळू त्याचं बाहेर जाणंच थांबलं. कुणी आलं तरी तो दाराशी येत नसे, आतूनच "या" म्हणायचा. दिवसभर बांगड्या निवडायचा, माप आणि रंग बघून माळा लावायचा. आत्या सगळ्यांना सांगायची, शिवूची कंबर धरलीय. मी त्याच्यासाठी उदगीरहून पट्टा आणला, बिदरहून तेल आणलं, एका वैद्याचा लेपसुद्धा. तो सगळं मुकाट्यानं घ्यायचा. त्या घरात धडधाकट कमरेवर जितकी औषधं झाली, तितकी माझ्या खऱ्याखुऱ्या दुखऱ्या गुडघ्यावर झाली नाहीत.

एका मंगळवारी पलीकडच्या आळीतली मेहरून आत गेली. शिवणकाम करणारी, आत्याला अक्का म्हणणारी बाई, गेले कित्येक महिने येत होती. तिचे सासरे करीमचाचा सायकली दुरुस्त करायचे. शिवूची पहिली सायकल त्यांनीच जोडून दिलेली. गडबडीत त्यांना घरातून ओढून मारलं होतं. वाचले, पण दुकानात पुन्हा बसले नाहीत आणि पुढं लवकरच गेले. मेहरून त्या दिवशी प्रथमच सगळं सांगायला लागली. मी बाकावर होतो. तिचा आवाज वर चढत नव्हता, नेहमीच्या सुरात चालला होता. "घर में लोगां भरे थे. पन मेरेको उनो याद नै आते. दरवाजे में जो खड़ा था ना, उनोच दिखता. कुछ नै करा उनो. हात में बी कुछ नै था. खाली खड़ा था. सासरे उसकूच देख रे थे. शिवू, बोले. उत्ताच बोले. अक्का का शिवू."

मग आत्याचं कन्नड ऐकू आलं. घरात माणसं शिरली, सासऱ्यांना मारलं, दारात कुणीतरी उभं होतं. तिला झोप येत नाही.

"अक्का," मेहरून म्हणाली, "नाम बी बोलो."

आत्यानं कन्नडमध्ये पुन्हा तेवढंच सांगितलं, झोप येत नाही.

"मेरेको कन्नड समझती, अक्का. अपने गाँव में किसकू नै समझती? बोलने की हिम्मत नै होती, इसके वास्ते तुमना बिठाए. इत्ते महिने तुम जित्ते नाम छोड़े, सब मालूम है मेरेको. मैं कुछ नै बोली. अच्छाच करे तुम. पन ये नक्को छोड़ो. इसके बगैर डॉक्टर कू क्या समझेगा, मेरेको क्या होरा सो."

माझ्या शेजारी आमच्याच आळीतला एक गृहस्थ बसला होता, तो चपलेचा अंगठा नीट करायला लागला. बाकावर कुणी कुणाकडं बघेना. मला वाटलं आत्या उठून बाहेर येईल. म्हणेल, चंद्या, गाडी काढ. ती बाहेर आली नाही. कन्नडमध्ये, डॉक्टरांना कळेल असं सावकाश तिनं सांगितलं, "दारात उभा होता तो माझा मुलगा आहे. ते त्याच्याकडं बघत होते. त्याचं नाव घेतलं त्यांनी."

डॉक्टर म्हणाले, "अम्मा, तो आता कुठं असतो?"

"घरात," ती म्हणाली. "त्या दिवसापासून घरातच."

डॉक्टर दोघींशीही बराच वेळ बोलले. पुढच्या महिन्यात मुलाला घेऊन या, म्हणाले. मेहरूनलाही या म्हणाले, वेगळ्या वेळी. बाहेर आल्यावर आत्या माझ्याकडं न बघता बाजाराकडं चालायला लागली, कारण पुरावा हवाच होता. बांगडीवाल्याच्या ओट्यावर तिनं मेहरूनचा हात हातात घेतला. पहिली बांगडी फुटली. दुसरी फुटली. मेहरूनचा हात तसा सैल होता… मी बघत होतो, आणि यात मी काहीही रंगवत नाही. ताठ झाले होते ते आत्याचे हात. तिसरी फुटली तेव्हा मेहरूननं उरलेल्या बांगड्या स्वतःच घेतल्या आणि एकेक करून सरकवल्या. म्हणाली, "तुमेच हात ढीला छोड़ो, अक्का." आत्या मान वळवून रस्त्याकडं बघत बसली.

त्या महिन्यात घरात मायलेकरांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि न सांगितलेली गोष्ट ऐकून ठेवण्याची माझी सवय त्या एका ठिकाणी बंद पडली. पण मंगळवारी मी गेलो तर शिवू दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. गाडी दाराला अगदी चिकटवून लावायला सांगितली आत्यानं. तो उंबऱ्यावर न थांबता भरकन आला आणि आत बसला. वाटेत ऊस दिसला, टॉवर दिसला, नवी पेट्रोलपंपाची पाटी दिसली. "हे कधी झालं?" असं तो दोनदा म्हणाला. मी आनंदानं इतका बोलत सुटलो की आत्यानं मागून माझ्या खांद्याला टोचलं.

दवाखान्यात पडदा होता, टेबल होतं, स्टूल होतं. डॉक्टर नव्हते. औषधं देणारा माणूस म्हणाला, "बदली झाली त्यांची. नवीन अजून कोणी दिलेलं नाही. जुन्या गोळ्या असतील तर लिहून देतो." बाकावर त्या दिवशी बसनं आलेल्या बाया बसलेल्या, वेळ नंतरची असूनही मेहरूनही होती. त्या उठल्या नाहीत, कारण उठून लगेच घरी कसं जाणार? आत्या गाडीपाशी आली. शिवू आतच होता, काच वर करून. त्यानं दाराला हात लावला होता, पण ते दार आतून उघडत नाही, आणि मी ते उघडायला पुढं झालो नव्हतो… काय सांगून उघडणार.

"पुढच्या महिन्याला येतील," आत्या काचेतून म्हणाली.

"लई तयारी केलतो आई मी," तो म्हणाला.

"व्हय रे."

पुढच्या महिन्यात कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही त्याला कलबुर्गीच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर होते. पण नंबर लागेपर्यंत शिवूची वाचा गेली, आणि पुकारलं तेव्हा तो खोलीच्या दारात येऊन थांबला. आत जाईना, मागं येईना, आणि मागची गर्दी ढकलतेय. अखेर मी त्याला धरून बाहेर आणलं. परतताना आत्या म्हणाली, "हितं डॉक्टर हाय तर दार हाय. तिथं नुस्ता पडदा होता तर डॉक्टर न्हाई." लातूरला गेलो, ते डॉक्टर मराठी बोलणारे, शिवू थोडं बोललाही. पंधरा दिवसांनी या म्हणाले, मग पुन्हा पंधरा दिवसांनी. आत्याचे गुडघे आणि माझी गाडी यांनी मिळून ते दोनदा निभावलं.

ती मंगळवारी बायांना घेऊन तरीही जायची. दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली बसायच्या सगळ्या, बोलायच्या. मी एकदा म्हटलं, आत्या, आता तूच डॉक्टर झालीस. मला वाटलं हसेल. ती चिडली. "गप बस. मला ऐकून घेता येतंय. पुढं काय करायचं ते येतंय का? पोट दुखणाऱ्याला म्हणशील का, शेजारीण ऐकून घेतीय, ऑपरेशन नको?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "माझ्या डोळ्यादेखत शिवूला कुणीतरी विचारावं. कन्नडमध्ये, मराठीत, कशात बी. मी सांगितलेलं न्हवं, त्याचं त्यानं सांगितलेलं कुणीतरी लिहून घ्यावं." आमची शेवटची निवांत भेट तीच. मी त्यावर काहीतरी विनोद केला असणार. आठवत नाही.

आमच्यात गेलेल्या माणसाला बसवतात. मी पोचलो तेव्हा आत्याला ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार. कुणीतरी जागा करायला दोन्ही पाट बाजूला सारले होते. भजनवाले आले, हुलसूरचे पाहुणे आले. मग अंगणात जरा हालचाल झाली आणि लोक बाजूला सरकले. मेहरून आली होती, बरोबर तिच्या आळीतल्या दोघी. गाडीत मागं बसणाऱ्याच. ती आत्यासमोर आली, आत्याच्या डोक्यावरून घसरलेला पदर नीट केला. आणि वर बघितलं.

शिवू दारात उभा होता. आईला न्यायची वेळ झाली म्हणून आतून उठून आला होता आणि उंबऱ्यावर आल्यावर त्याचे पाय थांबले होते. रिकामे हात, दोन्ही बाजूंना. मागून माणसं, पुढं माणसं. इतक्या वर्षांत त्याला घराच्या दारात उभं असलेलं मी प्रथमच बघत होतो, आणि मेहरूनही… नाही, ती तर रोजच बघत होती. त्यानं तिला बघितलं आणि त्याचा चेहरा असा झाला की मला तो लिहिता येणार नाही. मी प्रत्येक मयतीत बोलणारा माणूस, मी काहीतरी बोलावं अशा आशेनं सगळे माझ्याकडं बघत होते. मी वाकून पायरीवरच्या चपला सरळ करायला लागलो.

"शिवू," मेहरून म्हणाली. "दरवाजे में नक्को खड़ा रह."

तो हलला नाही.

"नक्को खड़ा रह बोली मैं. बैठ."

भिंतीकडं सारलेल्या पाटांपैकी एक तिनं पायानं पुढं ओढला. तो खाली वाकला आणि बसला, आईच्या पाटावर. मग ती वळली आणि निघून गेली. माफ केलं, विसरली, असलं काही ती म्हणाली नाही. ती म्हणाली असं पुढं कधी माझ्या तोंडून ऐकलंत तर समजा की मी रंगवायला लागलो.

त्यानंतर ती आलेली नाही. तिनं यावं असं म्हणायचा हक्क आम्हाला नाही. मी दर महिन्याला तालुक्याला फोन करतो, औषधं देणारा माणूस आता माझा आवाज ओळखतो आणि मी विचारायच्या आधीच म्हणतो, "नाही हो, अजून कोणी नाही." लातूरच्या डॉक्टरांकडं जायचं मी पुन्हा काढलं, शिवू बघू म्हणाला.

पण तो आता आतल्या भिंतीला बसत नाही. सकाळी पेटी घेऊन ओसरीवर येतो, दाराशेजारी आत्याच्या पाटावर बसतो आणि माळा लावतो. गिऱ्हाईक येत नाही. बांगड्या त्याला निवडता येतात, भरता येत नाहीत, ते त्यानं कधी शिकून घेतलं नाही. तरी माळ हातात घ्यायच्या आधी तो ओलं फडकं घेतो आणि समोरचा पाट पुसून ठेवतो.